उपाशी यीस्ट आणि सासऱ्यांचा शेवटचा मध

आमच्या जिन्यातला, म्हणजे एका जिन्यावरच्या सहाही घरांचा, गॅस ऐन नाताळात माझ्यामुळे बंद झाला, असं वरच्या मजल्यावरच्या लुत्सिनाबाई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गॅस माझ्यामुळे नव्हे, यीस्टमुळे बंद झाला, आणि यीस्टची बाजू आजवर कुणी ऐकून घेतलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी सेवेरिन. सानोक शहरातल्या जमीन-नोंदणी कचेरीत बसून लोकांच्या बांधांची भांडणं कागदावर सरळ करणं हा माझा धंदा. माझे सासरे तेओफिल यांच्या मते याला धंदा म्हणत नाहीत. ते मधमाश्या पाळणारे. मला ते 'जावईबापू' म्हणतात, पण असा सूर लावून की ऐकणाऱ्याला 'कारकून'च ऐकू यावं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला आपल्या पेट्या दाखवायला नेलं होतं. पहिल्याच माशीने माझ्या पापणीवर डंख मारला, तेव्हा ते माझ्यासाठी नाही, माशीसाठी हळहळले. "बिचारी गेली," म्हणाले. तेव्हापासून आमचे संबंध सलोख्याचे, पण दुरून आहेत.

गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात त्यांच्या खुब्याने साफ जवाब दिला. पेट्या उचलवेनात. त्यांनी सगळ्या पेट्या शेजारच्या गावातल्या एकाला विकून टाकल्या, आणि लिंडेनच्या झाडांच्या फुलांचा शेवटचा मध एका बादलीत भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते त्या बादलीकडे पाठ करून बसले होते.

दर डिसेंबरात, आपल्या पाठीराख्या संत आम्ब्रोजीच्या दिवशी, आमच्या पंचक्रोशीतले मधमाशीवाले अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवायला जमतात. मधोमध एक लांब टेबल असतं. त्या टेबलाशी बसायचं तर स्वतःच्या मधाची, घरी केलेली दारू आणायची. आमच्याकडे तिला 'प्यायचा मध' म्हणतात. ज्याच्याकडे तो नाही, त्याने भिंतीलगतच्या बाकावर चहाचा कप धरून बसायचं. तिथे बायका असतात, पाद्रीबाबा असतात, एखादा बँकवाला असतो आणि मी असतो.

"यंदापुरती एक बाटली आहे," सासरे म्हणाले. "आता नवी करणं माझ्याने होणार नाही. पुढच्या वर्षी मी भिंतीलगत. जावईबापूंच्या शेजारी."

ग्रझिना, म्हणजे माझी बायको, उठून खिडकीशी गेली आणि चांगला सरळ असलेला पडदा सारखा करत बसली. तिचे खांदे हलत होते. ते मला बघवेना. शिवाय वर्षानुवर्षं त्या बाकावर मी सुखाने एकटा चहा पीत आलो होतो, तिथे शेजारी सासरे ही कल्पनाही काही फार सुखाची नव्हती.

"मी करतो," मी म्हणालो. "या मधाची दारू मी करतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "पावाला लावून खाल्लात तर निदान वाया तरी जाणार नाही."

"मी करतो म्हटलं ना, बाबा."

"मग वचन द्या. मध, पाणी आणि यीस्ट. चौथी वस्तू घालायची नाही. माझ्या मधात कुणी काही कालवलेलं मला चालायचं नाही."

दिलं वचन. मी वचनाचा पक्का आहे. माझ्यातल्या ज्या गुणांनी माझं आयुष्य अवघड करून ठेवलंय, त्यात याचा नंबर पहिला.

ज्या मोठ्या पोटाच्या, अरुंद गळ्याच्या काचेच्या भांड्यात हे सगळं आंबवतात, त्याला आमच्याकडे हंस म्हणतात. हंसाच्या तोंडाला बूच, बुचात पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू नळीतून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. मी मध आधी ग्रझिनाच्या धुतलेल्या मोज्यातून पुनःपुन्हा गाळला, त्यात फुलांच्या परागाचा कणही शिल्लक ठेवला नाही. एक वाटा मध, तीन वाटे पाणी, वर यीस्ट. हंस ठेवला न्हाणीघरात, कारण आमच्या घरात उबदार जागा तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी नळी बोलायला लागली. बुळ्ळ. मग थांबून पुन्हा बुळ्ळ. मला काय वाटलं ते सांगून समजायचं नाही. कचेरीत मी इतकी वर्षं काढली, पण माझ्या हातून झालेली एखादी गोष्ट अशी तोंडाने बोललेली मी प्रथमच ऐकत होतो. मी स्टूल घेऊन न्हाणीघरात बसायला लागलो.

"मला अंघोळ करायचीय," ग्रझिना दाराबाहेरून म्हणायची.

"कर की. तो काही बघत नाही."

"तो नाही बघत. तू उठ आधी."

नोव्हेंबर असा सुखात गेला. मग बुडबुड्यांमधलं अंतर वाढायला लागलं. पुढे पुढे मी दात घासून, दाढी करून, केस विंचरून होईपर्यंत एक बुळ्ळ यायचं, आणि तेही कसंबसं. यीस्टने साखर खाऊन तिची दारू करायची, पण आत गोडी अजून बरीच शिल्लक होती. मी चाखून बघितलं होतं. काम अर्धं टाकून यीस्ट संपावर गेलं होतं. आणि एका सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं तर आत सडक्या अंड्यांचा वास.

"सेवेरिन," ग्रझिना म्हणाली, "हे तू केलंस की त्याने?"

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले रोमानराव आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला. "टोमॅटोची पेस्ट. एक डबा ओता. यीस्ट असं पळतं की बूच धरून बसावं लागतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला काहीच माहीत नाही," रोमानराव जिन्यात वरखाली बघत म्हणाले. "माझ्या एका मित्राला माहीत आहे. त्याचं नावही मला माहीत नाही."

चौथ्या मजल्यावरच्या लुत्सिनाबाईंचा भर बेदाण्यांवर होता. त्यांच्या आईने बेदाणे घातले होते, आजीने घातले होते, आणि त्या घराण्यात आजवर कुठलंच यीस्ट रुसलं नव्हतं. "मूठभर बेदाण्यांनी काय होतंय हो? वचन म्हणे! तुमच्या सासऱ्यांना कोण सांगायला जाणार आहे?" त्या रोज संध्याकाळी माझ्या सासऱ्यांच्या मावसबहिणीशी फोनवर बोलतात.

शेवटी मी घरगुती दारूचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या बाईंनी माझं गाऱ्हाणं पेशंटचं ऐकावं तसं ऐकलं.

"खायला काय घातलंत त्याला?"

"घालायचं काय? अख्खा मध आहे की."

"मध म्हणजे नुसती साखर हो. तुम्हाला कुणी महिनाभर नुसत्या पेढ्यांवर ठेवलं तर? यीस्टला नायट्रोजन लागतो, जीवनसत्त्वं लागतात. मधात ती नसल्यातच जमा. द्राक्षाच्या रसाचं तसं नाही, मधाचं आहे. उपाशी यीस्ट आधी चिडतं, मग अंड्याचा वास सोडतं, मग बसून राहतं." त्यांनी पांढऱ्या भुकटीचं पाकीट काढलं. "हे त्याचं खाणं. पण रोज थोडं थोडं. आधी हंस हलवून आतला वायू जाऊ द्यायचा, मग भुकटी पाण्यात विरघळवून घालायची. एकदम कोरडी ओतलीत तर छत रंगवायची तयारी ठेवा."

मी पाकीट घेतलं. ती चौथी वस्तू होती, म्हणून घातलं मात्र नाही. ते माझ्या ओव्हरकोटाच्या खिशात बसून राहिलं.

"बाबांना फोन करून विचार की," ग्रझिना म्हणाली.

"विचारलं की पहिलं वाक्य काय असेल? 'जमलं नाही ना, जावईबापू?'"

"मग मी विचारते."

"अजिबात नाही. मी करतो म्हटलंय, मी करीन."

आता मागे वळून बघताना मला वाटतं, तो एक फोन केला असता तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण माझ्या स्वाभिमानाला तेव्हा माझ्याहून घाई होती.

आमच्या इमारतीत न्हाणीघरांच्या हवेचा एकच झरोका खालपासून वरपर्यंत जातो. खाली कुणी कोबी शिजवला की वरचा त्याला मीठ कमी पडलंय ते सांगू शकतो. नाताळ चार-पाच दिवसांवर आला असताना माझ्या उपाशी यीस्टचा वास त्या झरोक्यातून चौथ्या मजल्यावर पोचला. लुत्सिनाबाई त्या वेळी नाताळच्या जेवणासाठी जिवंत आणलेल्या कार्प माशाला न्हाणीघराच्या टबात सोडून त्याच्याशी बोलत होत्या. वास नाकात गेल्यावर त्यांनी माशाला टबात तसाच सोडला, कोट चढवला आणि गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरवर फोन लावला.

गॅसवाले आले. दोघेजण, हातात गॅस लागला की किणकिणणारं यंत्र. त्यांनी सगळ्यात आधी तळाची मुख्य चावी बंद करून तिला शिशाचं सील ठोकलं आणि मग वास शोधायला वर चढले. यंत्र कुठेच वाजेना. माझ्या न्हाणीघरात त्यांतला थोरला हंसाच्या नळीवर वाकला, आणि चटकन मागे झाला.

"साहेब, हे काय आहे?"

"प्यायचा मध."

"मेलाय का?"

"मेला नाही. उपाशी आहे."

"मग खायला घाला की त्याला!"

"वचन दिलंय."

त्याने आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदाराने टोपी काढली. मला वाटतं त्याला कुणाच्या तरी घरी दुःखद प्रसंगी आल्यासारखं वाटत असावं.

"वास कशाचा ते कळलं ना?" मी म्हणालो. "मग सोडा गॅस."

"तसं नसतं, साहेब. तक्रार गॅसच्या वासाची आहे. एकदा सील लागलं की अख्ख्या जिन्याची नळजोडणी तपासल्याशिवाय निघत नाही. तपासणारा माणूस सोसायटीने बोलवायचा. तो आता नाताळनंतर."

"पण गॅसचा वास नव्हताच!"

"बरोबर आहे. पण फॉर्ममध्ये वास कशाचा निघाला, हे लिहायला जागाच नाही. वास आला का, एवढंच विचारलंय. आला होता." जाता जाता त्याने रोमानरावांच्या शेगडीची रबरी नळी बघितली आणि तिची मुदत संपल्याचंही सांगून टाकलं. त्यामुळे जिन्यातल्या दोषींची संख्या एकावर राहिली नाही, हे मला त्या क्षणी फार दिलासा देणारं वाटलं.

संध्याकाळी जिन्यात सभा भरली. सोसायटीचे व्यवस्थापक आल्बिनसाहेब रजिस्टर बगलेत मारून पायरीवर उभे. व्हिगिलियाच्या जेवणाला, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, घरोघरी उपासाचे, म्हणजे मांस-दारू वर्ज्य असलेले, बारा पदार्थ लागतात. बार्श्च म्हणजे बिटाचं सार, करंज्यांसारख्या कोबीच्या पिएरोगी, तळलेला कार्प, खसखशीच्या शेवया. आणि सहा घरांत एकही शेगडी पेटत नव्हती. रोमानरावांनी विजेची शेगडी लावून बघितली होती. त्यांची बघून सगळ्यांनी लावल्या, आणि जिन्यातला फ्यूज उडाला. तेव्हा ही सभा टॉर्चच्या उजेडात चालली होती.

"मी काय म्हणते," लुत्सिनाबाई म्हणाल्या, "मूठभर बेदाणे घातले असते तर आज ही वेळ आली असती का?"

"किंवा पेस्ट," रोमानराव पुटपुटले.

"सेवेरिनसाहेब," आल्बिन म्हणाले, "व्यवस्थापनाच्या वतीने मी सांगतो, वास सोडणारं पात्र तात्काळ इमारतीबाहेर न्यावं."

"मला बाहेर काढता?"

"तुम्हाला नाही. पात्राला. तुमच्याबद्दल व्यवस्थापनाने अजून काही ठरवलेलं नाही."

मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो. तेवढ्यात ग्रझिना म्हणाली, "बाबांकडे लाकडाची चूल आहे. मोठी. सहा पातेली बसतात."

सगळे टॉर्च ग्रझिनाकडे वळले. मग लुत्सिनाबाईंनी विचारलं, "ओव्हनपण आहे का?"

अशा रीतीने चोवीस तारखेला सकाळी आमचा जिना सासऱ्यांच्या गावी निघाला. रोमानरावांच्या जुन्या व्हॅनमध्ये पातेली, पीठ, बीट, बायका, टबातून बादलीत बदली झालेला कार्प, आणि मागच्या सीटवर मी, मांडीवर हंस. आल्बिनसाहेबही आले. पात्र खरोखर इमारतीबाहेर गेल्याची खात्री करून घ्यायला आलोय असं म्हणाले, पण त्यांच्या हातात कोबीची पिशवी होती. बायको वारल्यापासून ते एकटेच असतात, हे मला ग्रझिनाने नंतर सांगितलं. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्यात हंस माझ्या छातीवर डोकं टेकायचा आणि बुळ्ळ करायचा, आणि पुढून लुत्सिनाबाई न वळता म्हणायच्या, "देवा रे!"

सासऱ्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, घरात अंधार, चूल थंड. ग्रझिनाने यायचं कळवलं होतं, पण तिने सगळा जिना म्हणून सांगितलं नव्हतं. व्हिगिलियाच्या टेबलावर एक ताट अनाहूत पाहुण्यासाठी रिकामं ठेवायची रीत आहे. सासऱ्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग व्हॅनमधून उतरणाऱ्यांकडे.

"ताट एकच मांडलंय," ते म्हणाले.

"ताटं आणलीत," लुत्सिनाबाई त्यांना बाजूला सारून आत शिरल्या. "लाकडं कुठायत? आणि दाढी करा आधी. सण आहे."

तासाभरात त्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. चूल धडधडत होती, पिठाचा धुरळा उडत होता, रोमानराव आणि आल्बिनसाहेब बार्श्चमध्ये मिरं किती यावरून हमरीतुमरीवर आले होते. सासरे दाढी करून, काठी टेकत, चुलीशी उभे होते. बऱ्याच दिवसांनी ते कुणाला तरी ओरडत होते. मी हंस चुलीजवळच्या बाकावर ठेवला आणि पुढे उभा राहिलो, पण वासापुढे उभं राहून वास झाकला जात नाही.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"जमलं नाही, बाबा," मी म्हणालो. दुसऱ्याने म्हणण्यापेक्षा आपणच म्हटलेलं बरं. "अर्ध्यावर थांबलंय. गोडी बरीच उरलीय."

"मग?"

"मग काय? थांबलंय ना!"

"थांबतंच की. माझं दरवर्षी नाताळच्या सुमाराला थांबतं. थांबलं की झालं समजायचं. बाटलीत भरायचं."

तेओफिलचा प्यायचा मध म्हणजे पंचक्रोशीत नाव. काय ती गोडी, काय तो दाटपणा! गेली कित्येक वर्षं लांब टेबलावर त्याच्या गोडीची भाषणं झाली होती. आणि ती गोडी म्हणजे उपासमारीने अर्ध्यावर टाकलेलं काम होतं, हे आत्ता त्या स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या ध्यानात येत होतं.

"म्हणून तो इतका गोड असतो होय!" लुत्सिनाबाई म्हणाल्या. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. पण बोलून झालं होतं.

सासऱ्यांचा चेहरा पडला. मी त्यांना रागावलेलं पाहिलंय, कुत्सित हसताना तर फारच पाहिलंय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मी खिशातून पाकीट काढलं.

"बाबा, ते उपाशी आहे. मधात त्याला पुरेसं खायला नसतं. हे त्याचं खाणं आहे. तुम्ही चौथी वस्तू नको म्हणालात, म्हणून इतके दिवस खिशात घेऊन फिरतोय. पण तुम्हाला एक विचारतो. तुम्ही माश्यांचा मध काढून घेतलात की थंडीआधी त्यांना साखरेचा पाक देता की नाही?"

"देतो म्हणजे? द्यायलाच लागतो. त्यांचं आपण घेतलं, मग त्यांना जगवायचं कुणी?"

"मग हे तेच आहे. याच्याकडून काम करून घ्यायचं, तर याला जगवायचं कुणी?"

त्या सप्टेंबरात, इतक्या वर्षांत प्रथमच, सासऱ्यांना पाक करून घालायला माश्याच नव्हत्या. हे मला बोलून गेल्यावर सुचलं. त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. मी घालतो."

मी पाकिटातलं अर्धं एका वाटीत काढून दिलं. अर्धं खिशात ठेवलं, ही कचेरीची सवय. मूळ प्रत कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. "आधी हलवून वायू काढायचा, बाबा, मग पाण्यात विरघळवून, चिमूट चिमूट..."

"मला खाऊ घालायला शिकवता? जन्म गेला माझा."

आणि मधमाश्यांना थंडीआधी जसं एकदाच, पोटभर, हातचं राखून न ठेवता घालतात, तशी त्यांनी बूच काढून ती अख्खी वाटी कोरडीच हंसात उपडी केली.

क्षणभर काही झालं नाही. मग आतून सळसळ आली. रस्त्यातल्या खड्ड्यांनी घुसळलेला सगळा वायू एकदम जागा झाला, हंसाचा गळा पांढरा पडला, आणि फेसाचा खांब छताला जाऊन भिडला. छतावरून तो खाली आला. बार्श्चमध्ये आला, पिएरोगींवर आला, खसखशीच्या शेवयांवर आला, आल्बिनसाहेबांच्या रजिस्टरवर आला. सासऱ्यांनी हंसाच्या तोंडावर तळहात दाबला, तर तो बोटांच्या फटींतून चारी दिशांना उडाला आणि रोमानरावांचा चष्मा गेला.

"व्हिगिलियाला दारू!" लुत्सिनाबाई किंचाळल्या. "उपासाच्या बार्श्चमध्ये दारू!"

फेस ओसरला तेव्हा हंसातलं निम्मंही उरलं नव्हतं. शेवटच्या मधाचा निम्मा भाग छतावरून टपकत होता. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. मला रडू येत होतं, ते मी लपवलंही नाही. इतके दिवस वासाची, जिन्याची, आल्बिनची लाज सोसली ती या बादलीसाठी, आणि आता ती फडक्याने पुसायची होती.

सासरे फेसाने माखलेल्या भुवया पुसत उभे होते. त्यांनी बूच-नळी परत बसवली आणि हंसाला कान लावला.

"गप्प," ते म्हणाले. सगळे गप्प झाले.

बुळ्ळ. बुळ्ळ. बुळ्ळ.

"जेवतंय," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उठा जावईबापू. अर्धं पाकीट तुमच्या खिशात आहे, मी पाहिलंय. ते आता तुम्ही सांगाल तसं घालू."

जेवण झालं. बार्श्चला त्या वर्षी एक वेगळीच चव होती, आणि उपासाचा प्रश्न पुढे पाद्रीबाबांकडे न्यायचा नाही असं सर्वानुमते ठरलं. ओप्वातेकची पातळ पापडी मोडून एकमेकांना शुभेच्छा देताना लुत्सिनाबाई माझ्यापुढे आल्या. "देव तुम्हाला आरोग्य देवो, अक्कल देवो," त्या म्हणाल्या आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. शेवया त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या होत्या.

हंसाला इमारतीत बंदी होती, म्हणून तो चुलीशेजारीच राहिला. उरलेली भुकटी रोज थोडी थोडी, कोमट पाण्यात विरघळवून, हंस डोलवून झाल्यावर घालायची होती. ते काम सासऱ्यांनी घेतलं. जो माणूस वर्षातून दोनदा, तेही ग्रझिनाने मागे लागल्यावर, फोन करायचा, तो रोज सकाळी कचेरीत मला फोन करायला लागला. "आज जेवलं." "आज जरा मंद आहे, गारठा आहे ना. पांघरूण घातलंय." "वास गेला बरं का, जावईबापू. पार गेला." माझ्यासमोर बांधावरून भांडणारे दोन शेतकरी बसलेले असायचे, आणि मी म्हणायचो, "किती घातलंत? चमच्याला सपाट ना? बरं." गॅस जानेवारीच्या शेवटी आला. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण आल्बिनसाहेबांशी आता आमचे घरोब्याचे संबंध आहेत.

यीस्ट वसंतापर्यंत चाललं. बाटल्या भरल्या त्या चारच. सासऱ्यांनी एकही उघडू दिली नाही.

या डिसेंबरात संत आम्ब्रोजीच्या दिवशी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ते काठी टेकत गेले आणि बाटली लांब टेबलावर ठेवून आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. मी भिंतीलगत चहा घेऊन बसलो. कप कधीच रिकामा झाला होता, तरी मी त्यातून पीत होतो. मंडळाचे अध्यक्ष गुस्ताव्ह उठले. जाडजूड गृहस्थ, तेओफिलच्या गोडीवर दरवर्षी भाषण करणारे तेच. त्यांनी पेला भरला, डोळे मिटले, घोट घेतला. आणि डोळे उघडले.

टेबलावरून पेले फिरले. कुणी ओठ चाटले, कुणी भुवया वर केल्या, एकाने पेल्यात वाकून बघितलं. गोडीचा मागमूस नव्हता. कोरडा, कडक, आणि घोट गिळून झाल्यावर मागून हळूच वर येणारा लिंडेनच्या फुलांचा वास. ग्रझिनाने माझ्या हातातला कप काढून घेतला.

"तेओफिल," गुस्ताव्ह म्हणाले, "यात साखर कुठाय?"

सासऱ्यांनी आपला पेला संपवला. मग त्यांनी भिंतीकडे वळून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारली. "जावईबापू, इकडे या. खुर्ची घेऊन या." मी खुर्ची ओढत लांब टेबलाशी गेलो, आणि त्यांनी कोपराने शेजाऱ्याला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

मग ते अध्यक्षांना म्हणाले, "सगळी खाल्ली पोरांनी. यंदा आम्ही कुणाला उपाशी ठेवलं नाही."